झाडकामासाठी चेनसॉची कार्यक्षमता वाढवताना: धार, ट्यूनिंग, सायलेन्सर आणि त्यापुढे

झाडे उतरवणे, फांद्या छाटणे किंवा वादळात पडलेली झाडे हटवणे या व्यवसायात नव्याने आलेले तरुण एक प्रश्न हमखास विचारतात: कंपनीकडून आलेला चेनसॉ आहे त्यापेक्षा जास्त वेगाने कापू शकेल का? उत्तर होकारार्थी आहे. कंपनीला एकच यंत्र थंड आणि उष्ण हवेत, समुद्रकिनारी आणि डोंगरावर, तसेच धूर आणि आवाज यांच्या नियमांत बसवून विकायचे असते. त्यामुळे सायलेन्सरचे तोंड अरुंद ठेवले जाते आणि कार्बोरेटरच्या स्क्रूंना मर्यादा घातल्या जातात. ही अडवलेली ताकद मोकळी करता येते. परंतु यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी चेन आणि बार (चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते ती), मग इंधन आणि ट्यूनिंग, त्यानंतर सायलेन्सर आणि सर्वांत शेवटी इंजिनाच्या पोटातले काम, हा क्रम पाळला तर पैसा वाया जात नाही आणि पिस्टनही वाचतो. अनेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, म्हणजे बोथट चेन तशीच ठेवून सायलेन्सरला भोके पाडतात आणि महिन्याभरात पिस्टन बदलायची वेळ येते.

सुरुवातीची मोजणी

काहीही बदलण्यापूर्वी यंत्र आज किती वेगाने कापते हे मोजून ठेवावे. एक सरळ, गाठी नसलेला, सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका जमिनीपासून उचलून पक्का बसवावा, एकाच माणसाने सारखाच दाब देऊन तीन काप घ्यावेत आणि प्रत्येक कापाचा वेळ मोबाइलवर मोजावा. तीन वेळांची सरासरी वहीत लिहावी. पुढच्या प्रत्येक बदलानंतर त्याच ओंडक्यावर हीच चाचणी करावी, कारण आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो आणि कानाला वाटलेला फरक घड्याळात दिसेलच असे नाही.

याच वेळी इंजिनाची तब्येतही पाहून घ्यावी. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावावे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आकडा स्थिर होईपर्यंत स्टार्टरची दोरी ओढावी. व्यावसायिक चेनसॉमध्ये १५० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब मिळाला तर पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत असे समजावे. तो १२० पीएसआयच्या खाली असेल तर सुधारणा बाजूला ठेवून आधी दुरुस्ती करावी. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची बाजू बॅटरीच्या उजेडात पाहावी. उभे ओरखडे दिसले तर यंत्र कधीतरी कमी इंधनावर, म्हणजे लीन, चालले आहे. त्यामागचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चेन: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा

आजच्या चेनच्या दाताचा आकार एका अळीवरून सुचला आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी आपल्या वळलेल्या जबड्यांनी डावीकडे व उजवीकडे लाकूड कसे कातरत जाते हे पाहिले आणि त्यावरून डाव्या-उजव्या दातांची चेन तयार केली. हा दात लाकूड ओरखडत नाही, तर उचलून कापतो. म्हणून धारेची चेन ढलप्या टाकते आणि बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते. काम करताना बुटांपाशी काय पडते आहे याकडे लक्ष ठेवले तर कानस कधी उचलायची हे कोणी सांगावे लागत नाही.

गोल कानशीचा व्यास चेनच्या पिचप्रमाणे घ्यावा लागतो. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, मोठ्या यंत्रांवरील ३/८ इंच पिचला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर आणि छोट्या यंत्रांवरील ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर कानस लागते. दाताच्या वरच्या पात्याचा कोन साधारणपणे ३० अंश ठेवतात. कानस पात्याच्या वर तिच्या व्यासाच्या सुमारे एक-पंचमांश इतकी दिसली पाहिजे. ती खाली गेली की दात आकड्यासारखा होतो, लवकर बोथट होतो आणि यंत्र हिसके देऊ लागते. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी आणि परत आणताना उचलावी. सर्व दातांची लांबी सारखी असणे आवश्यक आहे. त्यासाठी सर्वांत लहान झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणावेत. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो आणि दोष मात्र बारला दिला जातो.

आता नवोदितांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दात एका वेळी किती जाड ढलपी उचलेल हे तो ठरवतो. दाताचे वरचे पाते मागे उतरते असल्यामुळे कानशीने दात मागे सरकतो तशी त्याची उंचीही कमी होते आणि उंचवटा मात्र तेवढाच राहतो. परिणामी, चार-पाच वेळा उत्तम धार लावलेली चेनही लाकडावरून नुसती घासत जाते. तीन-चार वेळा धार लावून झाली की गेजपट्टी ठेवून चपट्या कानशीने उंचवटा उतरवावा. ०.३२५ आणि ३/८ इंच चेनला दात व उंचवटा यांतला फरक ०.६५ मिलिमीटर हे नेहमीचे माप आहे. वेग वाढवण्याच्या मोहाने तो याहून बराच खाली नेणारे लोक आहेत. तसे करू नये, कारण बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र चेहऱ्याकडे उसळते आणि उंचवटा जितका खोल तितकी ही उसळी जोरदार होते. शिवाय बाभूळ, चिंच अशा कठीण लाकडात खोल दात इंजिनाला गुदमरवतो.

चेनचा प्रकारही कामाप्रमाणे निवडावा. टोकदार कोपऱ्याच्या फुल-चिझेल चेनचा वेग स्वच्छ, ओल्या लाकडात निर्विवाद जास्त आहे. परंतु आपल्याकडील रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत धूळ भरलेली असते, बुंध्यात पाट्यांचे खिळे आणि कुंपणाची तार गिळलेली असते, सागात सिलिका असते आणि माडाच्या खोडाचा बाहेरचा थर दाट व चिवट असतो. अशा ठिकाणी गोल कोपऱ्याची सेमी-चिझेल चेन पहिल्या कापात थोडी मागे राहिली तरी दिवसाच्या हिशेबात पुढे जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि माड, पोफळी, आंबे रस्त्यांवर व घरांवर आडवे झाले. तशा चिखल-वाळूच्या कामात धार टिकणे हीच खरी कार्यक्षमता असते. कोणत्याही बुंध्यावर बार टेकवण्याआधी सालीवरून हात आणि नजर फिरवावी आणि शक्य असेल तिथे कुऱ्हाडीने माती लागलेली साल उडवून टाकावी.

बार, चक्र आणि तेल

बार जितका लांब तितकी चेन ओढण्यात आणि घर्षणात ताकद जास्त जाते. ज्यांचे बहुतेक काम एक फुटापर्यंतच्या फांद्यांचे आहे त्यांनी लांब बार उतरवून आखूड लावला तर यंत्र न उघडताच ते चपळ झाल्याचे जाणवेल. बारच्या कडांना आलेली धातूची कोर चपट्या कानशीने काढावी, खाचेतला भुसा खरवडावा, तेलाचे भोक मोकळे करावे आणि दर वेळी चेन बदलताना बार उलटा करून बसवावा.

चेन फिरवणारे चक्र ७ दातांचे असेल तर ८ दातांचे बसवणे हा लोकप्रिय बदल आहे. त्याचा हिशेब समजून घ्यावा. ३/८ इंच चेनसाठी ७ दातांचे चक्र एका फेरीत सुमारे १३० मिलिमीटर चेन पुढे सरकवते, म्हणजे मिनिटाला ९,५०० फेऱ्यांवर चेनचा वेग सेकंदाला सुमारे २०.७ मीटर होतो. ८ दातांवर तोच वेग सुमारे २३.६ मीटर होतो. वेग १४ टक्के वाढला, पण त्याच वेळी चेनला मिळणारी ओढ १२.५ टक्क्यांनी घटली. ७० सीसीच्या यंत्राला आखूड बार असेल आणि लाकूड मऊ असेल तर हा सौदा फायद्याचा ठरतो. ४५ सीसीच्या यंत्राला लांब बार लावून कठीण लाकडात हा बदल केला तर काप उलट मंदावतो आणि क्लच तापतो. चक्र बदलल्यावर चेनची लांबी पुरते का आणि झाकणाच्या आत ती कुठे घासते का, हे हाताने फिरवून पाहावे. चक्राच्या दातांवर अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या असतील तर ते कोणत्याही परिस्थितीत बदलावे, अन्यथा नवी चेन लवकर ताणली जाते.

चेनसाठी गाडीतून काढलेले जळके ऑइल वापरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यात धातूचा कीस असतो, ते बारला धरून राहत नाही, ऑइल पंप खराब करते आणि हवेत उडून कामगाराच्या त्वचेवर व छातीत जाते. चिकटपणा असलेले चेन ऑइलच वापरावे. बारचे टोक हलक्या रंगाच्या पुठ्ठ्यासमोर थोड्या अंतरावर धरून ॲक्सिलरेटर दिला असता तेलाची रेघ उमटली पाहिजे.

इंधन

सध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि चेनसॉच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण आधीपेक्षा लीन होते; आणि इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेत असल्यामुळे उरलेल्या इंधनात पाणी साचते, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले डायाफ्राम कडक होतात. म्हणून इंधन आठवड्याच्या कामापुरतेच मिसळावे आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

चांगल्या प्रतीच्या टू-टी ऑइलचे १:५० प्रमाण, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑइल, हे सर्वमान्य आहे. ऑइलच्या प्रतीची खात्री नसेल तर १:२५, म्हणजे ५ लिटरला २०० मिलिलिटर घ्यावे. माप बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने घेऊ नये. ऑइलचे प्रमाण वाढवले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होते आणि मिश्रण किंचित लीन होते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रमाण बदलले की ट्यूनिंग पुन्हा तपासावे.

कार्बोरेटरचे ट्यूनिंग

जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. एल हा कमी वेगाच्या इंधनाचा, एच हा पूर्ण वेगाच्या इंधनाचा आणि एलए किंवा टी हा आयडलिंगचा. एल आणि एच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की इंधन वाढते, म्हणजे मिश्रण रिच होते. स्टिलच्या एम-ट्रॉनिक आणि हस्कवार्नाच्या ऑटोट्यून यंत्रांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप होते. तिथे फिरवायला स्क्रू नसतात आणि सायलेन्सरमधला माफक बदल यंत्र स्वतः सांभाळून घेते.

आधी एअर फिल्टर स्वच्छ करावा, चेन व बार बसवलेले असू द्यावेत आणि इंजिन दोन-तीन मिनिटे कामावर चालवून गरम करावे. एल स्क्रू हळूहळू फिरवत आयडलिंगचा सर्वांत जास्त वेग शोधावा, तिथून तो किंचित रिचकडे आणावा आणि ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर इंजिन न अडखळता उचलते का ते पाहावे. मग आयडलिंगचा स्क्रू अशा जागी आणावा की इंजिन बंद पडणार नाही, पण चेन पूर्ण थांबलेली असेल. आयडलिंगवर चेन फिरत असलेले यंत्र झाडावर नेऊ नये.

एच स्क्रूला खरा कान लागतो. सुरुवात रिच बाजूने करावी. ॲक्सिलरेटर काही सेकंद पूर्ण दाबला असता इंजिनाच्या आवाजात एक तुटक फडफड ऐकू येते. दर फेरीला ठिणगी पकडली जात नसल्याची ती खूण आहे. आता स्क्रू अगदी थोडा थोडा आत घ्यावा. फडफड मोकळ्या हवेत ऐकू यावी आणि बार लाकडात उतरताच ती जाऊन आवाज स्वच्छ व्हावा, पुन्हा उचलताच फडफड परत यावी. हीच योग्य जागा. मोकळ्या हवेतही किंचाळल्यासारखा एकसंध आवाज येत असेल तर इंजिन लीन आहे आणि त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेग खाली यायला रेंगाळत असेल तर तेही लीन मिश्रणाचे किंवा कुठून तरी हवा शिरत असल्याचे लक्षण आहे. यंत्राच्या कॉइलमध्ये वेगमर्यादक असेल तर त्याची तुटतुट हुबेहूब या फडफडीसारखी ऐकू येते आणि जाणत्या कानालाही फसवते. म्हणून डिजिटल टॅकोमीटर घ्यावा आणि पुस्तिकेत दिलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा काहीशे फेऱ्या खालीच थांबावे.

उंचीचा विचार आपल्याकडे आवर्जून करावा लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत जुळवलेले यंत्र आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे नेले की दाट हवेत मिश्रण लीन होते. घाट उतरल्यावर पहिल्या ओंडक्याआधी एच स्क्रू तपासणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते टाळल्यास सिलिंडरचा खर्च येतो.

सायलेन्सर

वरचे सर्व झाले असेल तरच सायलेन्सर उघडावा. त्याआधी इंजिनाचे हवा आत घेणारे (इनटेक) आणि एक्झॉस्टचे तोंड बंद करून सुमारे ०.५ बार दाबाची आणि तेवढ्याच व्हॅक्यूमची चाचणी करून घ्यावी. काटा २० सेकंदांत लक्षणीय हलला तर ऑइल सील किंवा इनटेकचे रबर गळत आहे आणि अशा यंत्रावर कोणतेही ट्यूनिंग टिकत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सर काढून घ्यावा. तो यंत्रावर असताना भोक पाडू नये, कारण धातूचा एक कणही सिलिंडरमध्ये गेला तर रिंग आणि सिलिंडरच्या आतला कठीण लेप दोन्ही जातात. एक्झॉस्ट पोर्टची रुंदी व उंची मोजून क्षेत्रफळ काढावे. समजा ते २४ गुणिले १४, म्हणजे साधारण ३३६ चौरस मिलिमीटर आहे आणि सायलेन्सरला १२ मिलिमीटर व्यासाचे एकच तोंड, म्हणजे ११३ चौरस मिलिमीटर आहे. तेवढेच दुसरे तोंड पाडले तर एकूण २२६, म्हणजे पोर्टच्या सुमारे ६७ टक्के जागा मिळते. ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, हा जाणकारांमधला ढोबळ नियम आहे. त्यापलीकडे आवाज वाढतो, ताकद नाही. आतल्या पत्र्याने वाट अडवली असेल तर तिकडेही पाहावे. काही सायलेन्सरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तसा सायलेन्सर उघडू नये.

नवे तोंड पुढे, माणसापासून दूर असावे आणि त्याचा झोत टाकीवर, प्लास्टिकवर किंवा हाताच्या संरक्षक पट्टीवर पडता कामा नये. ठिणगी अडवणारी जाळी नव्या तोंडालाही बसवावी. सह्याद्रीतल्या मार्च-एप्रिलच्या वाळलेल्या गवतात ही जाळी नसणे म्हणजे वणव्याला आमंत्रण आहे. झाडावर चढून काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: यंत्र कमरेला लटकत असताना हा झोत कुठे जातो? नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास. एक्झॉस्टचा झोत याहून तप्त असू शकतो आणि ज्या दोरावर माणूस लटकतो तो त्याच्या वाटेत येता कामा नये. माझ्या मते टॉप-हँडल, म्हणजे झाडावर वापरायच्या वर मूठ असलेल्या छोट्या यंत्रांच्या सायलेन्सरला हात लावूच नये. झाडावर वेगापेक्षा ॲक्सिलरेटरचा झटपट प्रतिसाद महत्त्वाचा असतो आणि तो धारेने व ट्यूनिंगने मिळतो.

कडा घासून, आत फुंकर मारून, नवीन पॅकिंगसह सायलेन्सर बसवावा. आता इंजिन जास्त हवा ओढणार, म्हणून सुरू करण्याआधीच एच स्क्रू रिच करून ठेवावा आणि मग पुन्हा ट्यूनिंग करावे. स्क्रूवरच्या प्लास्टिकच्या टोप्या पुरेसे फिरू देत नसतील तर त्या काढाव्या लागतात. या टप्प्यावर कंपनीची वॉरंटी संपते, हे धरून चालावे. कानांचे संरक्षण आधीही आवश्यक होतेच, आता ते सहकाऱ्यांनाही द्यावे. आणि शहरातल्या वस्तीत रोज काम असेल तर ही सुधारणा न केलेलीच बरी.

इंजिनाच्या आत

सिलिंडरखालचे पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवणे हा पुढचा टप्पा. त्यासाठी पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातली फट मोजावी लागते. मऊ सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टनच्या कडेपर्यंत घालून इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने मोजावी. फट १ मिलिमीटर आणि पॅकिंग ०.५ मिलिमीटर असेल तर पॅकिंग काढल्यावर ०.५ उरते. त्याखाली जाऊ नये, कारण तापलेला पिस्टन माथ्याला आपटतो. सिलिंडर खाली आल्याने पोर्ट उघडण्या-मिटण्याच्या वेळाही बदलतात. पोर्ट घासून रुंद करणे, फ्लायव्हीलची चावी घासून ठिणगी आधी आणणे ही कामे सिलिंडरचा कठीण लेप, रिंगेची टोके आणि अंशांचे माप कळणाऱ्या कारागिराकडेच द्यावीत. रोजच्या व्यवसायाच्या यंत्राला त्यांची गरज क्वचितच पडते.

चेन ब्रेक, चेन कॅचर (तुटलेली किंवा निसटलेली चेन अडवणारा भाग), ॲक्सिलरेटरचे लॉक, हाताच्या संरक्षक पट्ट्या आणि कंपन शोषणारी रबरे मात्र कोणत्याही सुधारणेत काढू किंवा सैल करू नयेत. वेग वाढवलेल्या यंत्राचा चेन ब्रेक दररोज सकाळी तपासावा.

बदलानंतरच्या पहिल्या टाक्या

पहिल्या दोन टाक्या किंचित रिच सेटिंगवरच चालवाव्यात. पहिल्या टाकीनंतर यंत्र थंड झाल्यावर सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण उष्णतेने ते हमखास सैल होतात. दुसऱ्या टाकीनंतर प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग असेल तर सेटिंग ठीक आहे. पांढरट असेल तर लगेच एच स्क्रू बाहेर घ्यावा. काळा व ओला असेल तर थोडा आत. त्यानंतर सुरुवातीच्या ओंडक्यावर पुन्हा तीन काप घेऊन वेळ वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहावी, सोबत इंधनाचे प्रमाण, एच आणि एल स्क्रूंचे फेरे, चक्राचे दात व जागेची उंची नोंदवावी आणि वही यंत्राच्या पेटीतच ठेवावी.